'माय फ्रेंड' म्हणायचं कुणाला? ग्राहक, सप्लायर आणि दोस्त यांना हाक मारण्याचा हिशोब

नमस्कार मित्रांनो!

माझ्या प्रत्येक व्हिडिओची सुरुवात याच दोन शब्दांनी होते. गेल्या महिन्यात एका प्रेक्षकाने विचारलं, "सर, तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला कधी भेटलो नाही. मग मी तुमचा मित्र कसा?" आधी हसायला आलं, पण दुकान बंद करून घरी जाईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

त्याच आठवड्यात नालासोपाऱ्याच्या आपल्या बॅचमध्ये एक ताई मोबाईल घेऊन आल्या. त्या घरी मसाले बनवतात. इंग्लंडमधल्या एका छोट्या दुकानदाराने त्यांना चौकशीचा ईमेल पाठवला होता. ताईंनी उत्तर दिलं होतं, 'हाय डिअर, हाऊ आर यू माय फ्रेंड'. पुढे दर, वजन, पॅकिंग सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. आठ दिवस झाले तरी पलीकडून काहीच आलं नाही. ताईंनी विचारलं, "सर, माझा दर जास्त होता का?"

दराचं मला सांगता येणार नाही. पण पहिल्या ओळीबद्दल नक्की सांगता येईल. आणि 'मित्र' हा शब्द धंद्यात कसा महाग पडतो, तेही सांगता येईल, कारण त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. या आठवड्याच्या व्हिडिओत वेळेअभावी जे राहिलं, ते इथे सविस्तर लिहितोय.

आधी माझी चूक

वसईत माझं पॅकेजिंगच्या सामानाचं दुकान आहे. मिठाईचे बॉक्स, केकचे बोर्ड, टेप, बबल रॅप, कॅरीबॅग असा माल. दुकान टाकण्याआधी सहा वर्षं मी अंधेरीला नोकरी केली. सकाळची लोकल ठरलेली, डबा ठरलेला, ग्रुप ठरलेला. विरार लाइनवर प्रवास करणाऱ्याला हे नातं समजावून सांगावं लागत नाही. कोण कुठे उतरतो, कुणाच्या मुलीची दहावी आहे, कुणाच्या डब्यात आज काय आहे, हे सगळं सगळ्यांना माहीत असतं. त्या ग्रुपमधला एक जण माझा खास. मी त्याला 'भावा' म्हणायचो, तो मला 'भावा' म्हणायचा.

मी दुकान टाकलं, वर्षभरात त्यानेही नोकरी सोडून खाण्याच्या पदार्थांच्या ऑर्डर घ्यायला सुरुवात केली. बॉक्स माझ्याकडूनच जायचे. पहिल्या वेळी त्याने खिशात हात घातला, तर मीच म्हणालो, "अरे भावा, नंतर बघू." बिल बनवलं नाही, चलन नाही, तारीख नाही. पाच महिन्यांत आकडा ६२ हजारांवर गेला. मी एकदा विषय काढला, तो म्हणाला, "होईल रे भावा." दुसऱ्यांदा काढताना माझीच जीभ अडखळली. भावाला तगादा कसा लावणार?

मग दिवाळीच्या तोंडावर मला माझ्या होलसेलरचे पैसे द्यायचे होते. गल्ला रिकामा. डोकं फिरलं आणि रात्री अकरा वाजता मी लोकलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, की मित्र म्हणवणारे लोक मालही नेतात आणि पैसेही ठेवतात. नाव घेतलं नव्हतं. पण अठरा जणांच्या ग्रुपमध्ये माझ्याकडून माल नेणारा तो एकटाच होता.

सकाळी त्याने ग्रुप सोडला. फोन उचलणं बंद केलं. पैसेही गेले आणि माणूसही गेला. हे झालं २०१९ मध्ये.

खूप दिवस मी सगळ्यांना सांगत होतो की मित्राने फसवलं. आता तसं म्हणत नाही. त्याने पैसे थकवले हे खरं, पण त्या व्यवहाराला दुकानाची भाषा मीच दिली नव्हती. 'भावा' या एका हाकेत मी दोस्ती, उधारी आणि वसुली असं सगळं कोंबलं होतं. म्हणून पुढे जे सांगतोय ते इंग्रजीच्या तासातलं समजू नका, ते थेट गल्ल्याशी जोडलेलं आहे.

इंग्रजीत 'फ्रेंड' रोजच्या बोलण्यात

पहिल्यांदा ताईंच्या ईमेलकडे वळू. इंग्रजी बोलणारे लोक 'फ्रेंड' हा शब्द भरपूर वापरतात, पण जास्त करून *तिसऱ्या माणसाबद्दल* बोलताना. 'अ फ्रेंड ऑफ माइन' म्हणजे माझ्या मित्रांपैकी एक. आपण 'माझा एक मित्र आहे, तो...' म्हणतो तसंच. अमेरिकेत तर चार-सहा वेळा भेटलेल्या माणसालाही 'फ्रेंड' म्हणून टाकतात.

समोरच्याला थेट 'माय फ्रेंड' म्हणणं मात्र वेगळं. खरे मित्र एकमेकांना असं क्वचित म्हणतात. ते नाव घेतात किंवा ब्रिटन-ऑस्ट्रेलियात 'मेट', अमेरिकेत 'बडी', 'ड्यूड', 'ब्रो', स्कॉटलंडमध्ये 'पॅल' म्हणतात. अनोळखी माणसाने 'माय फ्रेंड' म्हटलं की अनेकांना पर्यटनस्थळी मागे लागणारा विक्रेता आठवतो. आवाज चढवून म्हटलं तर ती धमकीही वाटते. 'लिसन, पॅल' म्हणजे आपल्याकडचं 'ऐक रे, शहाण्या'. शब्द मित्राचा, सूर भांडणाचा.

'डिअर'ची गंमत आणखी वेगळी. पत्राच्या सुरुवातीला 'डिअर मिस्टर अमुक' लिहिलं तर त्यात प्रेम वगैरे काही नसतं, तो फक्त रिवाज. तोच शब्द नावाशिवाय, 'हाय डिअर' असा चॅटमध्ये आला की थेट लाडिक होतो. नवरा-बायको, आजी-नातवंडं यांच्यातला. आणि 'डिअर फ्रेंड' अशी सुरुवात असलेले ईमेल बहुतेक वेळा लॉटरी लागली, वारसाहक्क मिळाला असं सांगणाऱ्या ठगांचे असतात. अशा ईमेलचा पहिला शब्द वाचूनच लोक तो पुसून टाकतात.

अजून एक फरक लक्षात ठेवा. मराठीत मित्र आणि मैत्रीण असे दोन शब्द आहेत, इंग्रजीत 'फ्रेंड' दोघांनाही चालतो. 'माय फ्रेंड इज कमिंग' म्हटल्यावर कोण येणार ते कळत नाही आणि कळायची गरजही नसते. पण पुरुषाने 'गर्लफ्रेंड' म्हटलं की नातं बदलतं. मैत्रिणीसाठी शब्दशः 'गर्लफ्रेंड' म्हणणारे आपल्या बॅचमध्येही सापडतात. तिथे फक्त 'फ्रेंड' म्हणा.

ताईंना मी सांगितलं, नाव माहीत असेल तर 'डिअर' पुढे आडनाव लिहा. नाव माहीत नसेल तर 'डिअर सर ऑर मॅडम' किंवा साधं 'हॅलो'. दोन-चार ईमेल झाल्यावर तो स्वतः सहीत फक्त पहिलं नाव लिहू लागला की तुम्हीही पहिल्या नावावर या. तो जेवढा पुढे येईल तेवढंच आपण जायचं.

लंडनच्या सभागृहात 'मित्र' म्हणजे काय?

आता त्याच भाषेचं दुसरं टोक बघा. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये ६५० खासदार आहेत. भांडणं कडाक्याची होतात, पण तिथे एकमेकांना नावाने हाक मारायची नाही असा रिवाज आहे. 'तुम्ही' असंही म्हणायचं नाही. बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून, आणि समोरच्याचा उल्लेख तिसऱ्या माणसासारखा करायचा. 'यू' म्हटलं तर त्याचा अर्थ अध्यक्ष. नवा खासदार रागाच्या भरात विरोधकाला 'यू' म्हणून गेला की अध्यक्ष लगेच टोकतात.

मग उल्लेख करायचा कसा?

- आपल्या पक्षाचा खासदार: 'माय ऑनरेबल फ्रेंड', म्हणजे माझे सन्माननीय मित्र.
- दुसऱ्या पक्षाचा: 'द ऑनरेबल जेंटलमन' किंवा 'लेडी', नाहीतर 'अमुक मतदारसंघाचे सन्माननीय सदस्य'.
- प्रिव्ही कौन्सिलचा सदस्य असेल, म्हणजे साधारणपणे मोठे मंत्री आणि ज्येष्ठ नेते: 'राइट ऑनरेबल'.
- वकील असेल तर 'लर्नेड', सैन्यात राहिलेला असेल तर 'गॅलंट', हे जोडायची जुनी पद्धत. आता कमी ऐकू येते.
- वरच्या सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, आपल्या पक्षाचा माणूस 'माय नोबल फ्रेंड'.

बघा, इथे 'फ्रेंड' म्हणण्यासाठी मैत्री असावीच लागत नाही. आपल्याच पक्षातल्या ज्या माणसाचं तोंड बघायची इच्छा नाही, तोही 'माय ऑनरेबल फ्रेंड'. आणि पलीकडच्या बाकावर बसणारा, ज्याच्यासोबत संध्याकाळी चहा होतो, तो फक्त 'जेंटलमन'. हा शब्द मनातलं काही सांगत नाही. माणूस कोणत्या बाजूला बसतो, एवढंच सांगतो.

बाजू बदलली की शब्द बदलतो. विन्स्टन चर्चिल १९०४ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष सोडून लिबरल बाकांवर जाऊन बसले. माणूस तोच, सभागृह तेच. पण रिवाजाप्रमाणे जुन्या सहकाऱ्यांसाठी ते 'मित्र' उरले नाहीत.

अमेरिकेतही असंच आहे. तिथल्या प्रतिनिधीगृहात 'टेक्सासचे जेंटलमन' असा राज्यावरून उल्लेख होतो. सिनेटमध्ये 'माय गुड फ्रेंड' असं गोड बोलून पुढच्याच वाक्यात समोरच्याच्या विधेयकाची चिरफाड केली जाते.

तुम्ही म्हणाल, हा नुसता ढोंगीपणा झाला. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण विचार करा, 'तू खोटारडा आहेस' म्हणायला एक सेकंद लागतो. 'अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांनी दिलेली माहिती वस्तुस्थितीला धरून नाही' म्हणायला पाच-सहा सेकंद लागतात. त्या पाच-सहा सेकंदांत राग थोडा खाली येतो. आणि वाक्य माणसावरून माहितीवर सरकतं. मी २०१९ मध्ये रात्री अकरा वाजता जे लिहिलं, त्याला हे पाच-सहा सेकंद मिळाले असते तर?

कॅनबेरातला 'मेट'

हाक ही फक्त शिष्टाचाराची गोष्ट नाही, हे ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये दिसलं. कॅनबेराच्या संसद भवनात सुरक्षारक्षकांना सूचना आली, की खासदारांना आणि पाहुण्यांना 'मेट' म्हणायचं नाही. आपल्याकडे गेटवरच्या वॉचमनला 'भाऊ म्हणू नका, सर म्हणा' सांगण्यासारखं. पण ऑस्ट्रेलियात 'मेट' म्हणजे सगळे सारखे, कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही. देशभर आरडाओरडा झाला, खुद्द पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी बंदीवर टीका केली आणि ती एका दिवसात मागे घ्यावी लागली.

यातून दुकानदाराने काय घ्यायचं? औपचारिक शब्द नेहमीच जास्त आदराचा असतो असं नाही. काही गिऱ्हाइकांना 'सर' म्हटलं की ती खुलतात, काहींना परकं वाटतं.

आपल्याकडची पद्धत

आपल्याला हे सगळं नवीन आहे का? अजिबात नाही. आजोबांची जुनी पत्रं काढून बघा. वडिलांना 'तीर्थरूप', मुलाला 'चिरंजीव', परक्या प्रतिष्ठित माणसाला 'राजमान्य राजेश्री', बरोबरीच्याला 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष'. पत्राचा मायना वाचला की कोण कुणाला लिहितोय ते कळायचं. भांडणाचं पत्रसुद्धा नमस्कारानेच सुरू व्हायचं.

सभागृहात बघा. आपल्या विधानसभेत बोलणारा 'अध्यक्ष महोदय' म्हणून सुरुवात करतो, विधान परिषदेत 'सभापती महोदय'. समोरचा 'सन्माननीय सदस्य'. बाहेर मात्र हेच लोक दादा, भाऊ, ताई, साहेब. वसंतदादा पाटलांच्या तर नावातच 'दादा' मिसळून गेला. गावात दादा आणि सभागृहात मुख्यमंत्री महोदय. दोन्ही हाका खऱ्या, जागा वेगळ्या. तोंडातून भलता शब्द गेलाच तर तो कामकाजातून काढून टाकायचा अधिकार अध्यक्षांना असतो. आपल्या व्हॉट्सॲपवर 'डिलीट फॉर एव्हरीवन' आहे, पण तोपर्यंत स्क्रीनशॉट गेलेला असतो.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते संविधान सभेतल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. तिथलं कामकाज बरंचसं इंग्रजीत चालायचं आणि 'माय ऑनरेबल फ्रेंड' हा लंडनचा शब्द इथेही आला होता. पण इथे त्याचा वापर मोठा झाला. मसुद्याच्या कलमांवर जे सदस्य एकामागून एक दुरुस्त्या मांडत, त्यांनाही बाबासाहेब 'मित्र' म्हणत. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून आलेले ह. वि. कामत हे त्यातलं ठळक नाव. कामत सतत उठायचे, हरकत घ्यायचे. बाबासाहेब त्यांना सडेतोड उत्तर द्यायचे, कधी चिमटेही काढायचे, पण मुद्दा सोडून माणसावर जात नसत.

आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या आपल्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी काय केलं? या अडवणाऱ्या मंडळींची नावं घेऊन आभार मानले. कामत होते, आपल्या विदर्भातले डॉ. पंजाबराव देशमुख होते, प्रा. के. टी. शाह आणि पंडित हृदयनाथ कुंझरू होते. सगळे नुसती मान डोलावणारे असते तर सभा कंटाळवाणी झाली असती, या लोकांनी दुरुस्त्या मांडल्या म्हणून मसुद्यामागची तत्त्वं स्पष्ट करायची संधी मिळाली, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, संविधान स्वीकारलं गेलं.

तुमच्या मालात खोट काढणारा ग्राहक आठवा. "बॉक्सचं झाकण सैल आहे", "टेप सुटते" असं तोंडावर सांगणारा. तो कामतांसारखा आहे. जो काही न बोलता दुसऱ्या दुकानात जातो, त्याच्याकडून तुम्हाला काहीच शिकायला मिळत नाही.

वसईच्या काउंटरवर

आता आपल्या गल्लीत येऊ. वसई-विरारमध्ये एका दिवसात काउंटरवर किती भाषा येतात ते मोजा. वाडवळी, सामवेदी, आगरी, कोळी, गुजराती, हिंदी, मल्याळी, इंग्रजी. प्रत्येकाची हाक वेगळी. माझा अनुभव सांगतो, तुमच्या गल्लीप्रमाणे बदल करा.

- काका, मावशी: वयाने मोठ्या मराठी गिऱ्हाइकाला चालतं. पण चाळिशीतल्या बाईंना 'मावशी' म्हणाल तर पुढच्या वेळी त्या समोरच्या दुकानात दिसतील. 'ताई' सुरक्षित.
- अंकल, आंटी: वसई गाव, पापडी, निर्मळ भागातल्या आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांमध्ये सहज. सोसायटीतल्या तरुण मॅडमना मात्र 'आंटी' नको.
- भाई, बेन: गुजराती व्यापाऱ्याच्या नावापुढे 'भाई' म्हणजे आदर. तोच शब्द नाक्यावर एकट्याने म्हटला की सूर बदलतो.
- भैया: उत्तरेत याचा अर्थ मोठा भाऊ. मुंबईच्या पट्ट्यात मात्र त्यात हेटाळणी मिसळली आहे. रिक्षावाला असो की भाजीवाला, 'भाऊ' म्हणा किंवा नाव विचारा.
- शेठ: होलसेल बाजारात माल घेणाराही शेठ, देणाराही शेठ. यात जवळीक कमी, हिशोब जास्त.
- बॉस, ब्रो, भावा: दोघांच्या बाजूने आलं तरच. वीस वर्षांच्या मुलाने पन्नाशीतल्या ग्राहकाला 'बोला बॉस' म्हणू नये.

'तू' आणि 'तुम्ही' यांचं तर विचारूच नका. इंग्रजीत एका 'यू'मध्ये काम भागतं, म्हणून त्यांना सर, मेट, फ्रेंड असल्या शब्दांवर अंतर मोजावं लागतं. आपल्याकडे क्रियापदातच अंतर असतं. दुकानात कामाला असलेल्या मुलाला ग्राहकासमोर 'ए, इकडे ये' म्हणणारे मालक मी रोज बघतो. ग्राहक तेही ऐकत असतो. माझ्या दुकानात काउंटरवर सगळे एकमेकांना 'तुम्ही' म्हणतात, मी धरून. शटर खाली आल्यावर काय म्हणायचं ते म्हणा.

'मित्र' शब्दातच करार आहे

ही गोष्ट मला फार उशिरा कळली. सूर्यनमस्कार घालताना सूर्याची बारा नावं घेतात, त्यातलं पहिलं नाव 'मित्र'. वेदांमध्ये मित्र ही देवता आहे. पारशी धर्मग्रंथ अवेस्ता ज्या जुन्या भाषेत आहे, तिच्यात या शब्दाचा सख्खा भाऊ आहे, 'मिथ्र'. आपल्याच पालघर जिल्ह्यात डहाणू-घोलवडकडे चिकूच्या वाड्या राखणाऱ्या पारशी-इराणी लोकांचा हा ग्रंथ. आणि त्या भाषेत 'मिथ्र' म्हणजे करार, दिलेला शब्द. करार पाळला जातो की नाही हे बघणारा देवही तोच.

म्हणजे 'मित्र आहे, लिहून कशाला घ्यायचं?' हे वाक्यच उलटं आहे. मित्र आहे, म्हणूनच लिहून घ्यायचं. लिहिलं की दोघांच्या डोक्यात एकच आकडा राहतो आणि मैत्रीवर हिशोबाचं ओझं येत नाही.

मग करायचं काय? पाच नियम

१. व्यवहार सुरू करतानाच हाक ठरवा. मित्र ग्राहक झाला तर पहिल्याच दिवशी सांगा, "चहा दोस्तीत, माल बिलावर." हसत सांगा, पण सांगा. पहिल्या दिवशी हे वाक्य सोपं असतं, पाचव्या महिन्यात तोंडातून निघत नाही.

२. 'अध्यक्ष महोदय' नेमा. खासदार जसे एकमेकांशी न बोलता अध्यक्षांशी बोलतात, तसं तुम्ही थेट माणसाशी न भांडता खात्याशी बोला. "तू पैसे दिले नाहीस" ऐवजी "खात्यावर १५ तारखेची १२ हजारांची बाकी दिसतेय, कधी जमा करू?" इथे बाकी खातं सांगतंय, तुम्ही फक्त विचारताय. माझ्याकडे आता दर शनिवारी सगळ्या उधारीवाल्यांना सारखाच मेसेज जातो, मित्र असो वा अनोळखी. सगळ्यांना सारखा जातो म्हणून कुणाला लागत नाही.

३. मुदत लिहा. तुम्ही स्वतः वस्तू बनवत असाल किंवा सेवा देत असाल तर उद्यम नोंदणी करून घ्या. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. पैसे अडकले तर दाद मागायला सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषद आहे. माझ्यासारख्या निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याला उशिराच्या पैशांबद्दलचं हे संरक्षण मिळत नाही, म्हणून मला तर बिल आणि तारीख यांचाच आधार.

४. भांडण ग्रुपवर नको. वसुलीचं बोलणं फक्त दोघांत, दिवसा, शांत डोक्याने. रात्री अकरानंतर लिहिलेला मेसेज पाठवायच्या आधी सकाळी पुन्हा वाचा. मी वाचला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

५. परदेशी ग्राहकासाठी साधा साचा ठेवा. 'डिअर मिस्टर' किंवा 'मिस' आणि आडनाव, चौकशीबद्दल धन्यवाद, मुद्देसूद माहिती, 'रिगार्ड्स', तुमचं नाव, दुकानाचं नाव. 'डिअर', 'माय फ्रेंड', 'ब्रो' आणि हृदयाच्या खुणा टाळा. ओळख वाढली की भाषा आपोआप सैल होते.

मसाल्यांच्या ताईंनी त्याच दुकानदाराला पुन्हा ईमेल केला, या वेळी आडनावासकट. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. सॅम्पल मागवलंय. ऑर्डर येईल की नाही ते मसाला ठरवेल, पण निदान आता ईमेल वाचला तरी गेला.

आणि त्या दोस्ताचं काय झालं?

२०२२ मध्ये एके दिवशी मोबाईलवर पाच हजार जमा झाल्याचा मेसेज आला. पाठवणारा तोच. खाली एकच शब्द, 'हिशोब'. मग दर एक-दोन महिन्यांनी थोडे थोडे करत त्याने ४० हजार फेडले. उरलेले मी सोडून दिले आणि तसं त्याला लेखी कळवलं. म्हटलं, खातं बंद केलंय.

गेल्या दिवाळीत तो दुकानात आला. धंदा आता बरा चाललाय त्याचा. काउंटरवर उभा राहून म्हणाला, "शेठ, दोनशे बॉक्स द्या. बिल बनवा."

शेठ. सहा वर्षं एका दारात लटकून प्रवास केलेला माणूस मला शेठ म्हणत होता. मी बिल बनवलं, त्याने तिथल्या तिथे पैसे दिले. हिशोब चोख. निघताना मी म्हटलं, "भावा, चहा घे." तो थांबला. आम्ही बाहेर उभं राहून कटिंग घेतला, पावसाबद्दल आणि गर्दीबद्दल बोललो. जाताना म्हणाला, "येतो शेठ."

हाक अजून तीच आहे. पण तो येतो, आणि मी बिल देतो.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या फोनमधले असे पाच जण काढा, जे मित्रही आहेत आणि ग्राहकही. प्रत्येकापुढे लिहा, बाकी किती, लेखी आहे का, मुदत कधीची. जिथे उत्तर नाही, तिथे उद्याच बोला, फोनवर नाही, समोर बसून, चहा घेऊन.

आणि 'मित्रांनो' विचारणाऱ्या त्या प्रेक्षकाला माझं उत्तर: तुम्ही वेळ देताय, मी खरं ते सांगायचा शब्द दिलाय. आपल्यात एवढा करार झालाय. तेवढ्यापुरतं तरी 'मित्रांनो' म्हणू द्या.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.